चाकूर येईपर्यंत

थोरल्याचा दहावीचा निकाल लागला आणि आमच्या घराचे दोन तुकडे झाले. भांडण नव्हतं, वाटण्या नव्हत्या. पेढे वाटून झाले, आणि पेढा तोंडात असतानाच शेजाऱ्यांनी विचारलं, "मग सर, लातूरला खोली बघितली का?" नांदेडात क्लासेस नव्हते असं नाही, गल्लोगल्ली होते. पण लातूरचं नाव मोठं होतं, आणि पंच्याण्णव टक्क्यांच्या पोराला नांदेडात ठेवणारा बाप लोकांना एक तर कंजूष वाटायचा नाही तर बेफिकीर. मला दोन्ही व्हायचं नव्हतं.

खोली करणं म्हणजे नुसती खोली भाड्यानं घेणं नव्हे. पोरासोबत आई जायची. दोन वर्षं तिनं तिथं एका खोलीत गॅस मांडून त्याला गरम खाऊ घालायचं, पहाटे उठवायचं, क्लासच्या वेळा सांभाळायच्या. बापानं इकडं नोकरी करायची. आमच्या कॉलनीत तेव्हा असे चार-पाच बाप होते. संध्याकाळी मेसच्या डब्याची पिशवी हातात घेऊन येणारा माणूस दिसला की समजायचं, याचं पोरगं अकरावीला गेलं. कुणाला त्यात दुःख दिसत नव्हतं. मलाही सुरुवातीला दिसलं नाही.

आमची अडचण एवढीच होती की आम्हाला उशिरा झालेली एक मुलगी होती, साडेचार वर्षांची. लातूरचे खोलीवाले लहान लेकरू असलेल्या बाईला खोली देत नसत. एका मजल्यावर दहा-बारा पोरं अभ्यास करायची, तिथं लेकरू रडलं की दहा-बारा आया दारात यायच्या. म्हणून मुलगी माझ्याकडं राहिली. मी हायस्कूलवर विज्ञान शिकवत होतो. दुपारी ती शेजारच्या मावशींकडं, संध्याकाळी माझ्याकडं. मी वेणी घालायला शिकलो. दोन्ही वेण्या सारख्या कधीच आल्या नाहीत. ती आरशात बघून काही बोलायची नाही, आणि तिचं ते न बोलणंच मला फार लागायचं. घरात तीन खोल्या होत्या, त्यातली एकच आम्ही वापरायचो. दुसऱ्या खोलीत गेलं की हाक मारायला कुणी नाही हे लगेच कळायचं, म्हणून आम्ही जातच नव्हतो.

एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, शाळा सुटली की मी तिला घेऊन एसटीनं लातूरला जायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. जाताना ती खिडकीत उभी राहून गाणी म्हणायची आणि प्रत्येक गावाला "हे लातूर का?" म्हणून विचारायची. रविवारी सकाळी थोरल्याची टेस्ट असायची. तो टेस्टला गेला की दोन-तीन तास मायलेकी त्या खोलीत एकमेकींच्या अंगावर लोळत पडायच्या आणि मी बाहेर जिन्यात पेपर वाचत बसायचो. आमची लेक त्या खोलीत कुजबुजत बोलायला शिकली होती. साडेचार वर्षांचं लेकरू आईच्या कानाला तोंड लावून बोलतंय, हे बघून मला त्या इमारतीचा राग यायचा.

खरा प्रसंग यायचा तो परतताना. दुपारच्या गाडीला बायको स्टँडवर सोडायला यायची आणि आमची लेक तिचा पदर मुठीत धरायची. मग मी तिचं एकेक बोट सोडवायचं. गाडी निघाली की जे रडणं सुरू व्हायचं ते चाकूर जाऊन अहमदपूर यायला लागलं तरी थांबायचं नाही. लोक मागं वळून बघायचे. एकदा एका म्हातारबाबांनी मला सरळ विचारलं, "लेकरू तुमचंच हाय ना?" मी त्यांना चिडून आधारकार्ड दाखवू का म्हणालो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखू येत नसावं.

दिवाळीनंतर थोरल्याचे टेस्टमधले मार्क घसरले. क्लासच्या बाहेर बोर्डावर यादी लागायची, त्यात तो तिसऱ्या रांगेतून खाली गेला. बायकोनं हिशेब लावला की आम्ही येऊन गेलो की पुढची टेस्ट खराब जाते. फोनवर म्हणाली, "ती तिथून रडत जाती. इथं मला दोन दिवस काही सुचत न्हाई. मी पोळ्या लाटता लाटता रडायलेय, तो पुस्तक मिटून माझ्याकडं बघायलाय. असं कसं चालायचं?" मग ती म्हणाली, "एक करा. तिला गाडीत रमवायला काहीतरी घ्या. आता येतं की काय काय इलेक्ट्रॉनिक. पुढच्या खेपेला न रडता गेली तर ठीक. न्हाई तर बारावीची परीक्षा होईस्तोवर तिला आणू नका."

परीक्षेला सव्वा वर्ष होतं. साडेचार वर्षांच्या लेकराचं सव्वा वर्ष म्हणजे किती, हे मी मास्तर असून मला मांडता येईना. एवढं मात्र कळलं की आता हिनं आईला भेटायचं की नाही, ते मी दुकानातून काय आणतो त्यावर ठरणार.

मी मास्तरासारखाच कामाला लागलो. उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर तक्ता आखला. वस्तू किती वेळ चालते, एसटीच्या आवाजात ऐकू येते का, खिडकीच्या उन्हात दिसते का, लेकराला एकटीला चालवता येते का. नांदेडच्या वजिराबादेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा, बोलायला गोड, पान खाणारा. त्यानं आधी हातातला व्हिडिओ गेम काढला. मी तो खेळून बघितला आणि तीन मिनिटांत हरलो. म्हणालो, "ही हरली की रडणार. रडू नये म्हणून घ्यायचं आणि ह्यानंच रडवायचं?" मग त्यानं खेळण्यातला लॅपटॉप दाखवला. बटण दाबलं की इंग्रजी बाराखडी म्हणायचा, तीही नाकातून. तो मी दहा मिनिटांत बंद करून खिडकीतून फेकला असता. मोबाईलमध्ये कार्ड घालून गाणी भरून देतो म्हणाला. ते स्वस्तात झालं असतं, पण त्याच मोबाईलवर बायकोचा फोन यायचा. मधेच गाणं थांबून आईचा आवाज ऐकू आला तर सगळंच मुसळ केरात.

टॅब तेव्हा नुकतेच यायला लागले होते. दुकानदार तो दोन्ही हातांनी असा धरायचा, जणू आरती ओवाळतोय. "सर, हेच घ्या. आजकाल लई चालायलंय. बोट लावलं की काम खलास." मी बोट लावलं तर पडद्यावरचं सगळंच बदललं, आणि आधीचं परत कसं आणायचं ते त्यालाही सापडेना. बॅटरीही लातूर ते अहमदपूर एवढीच. मी फुली मारली.

शेवटी राहिला डीव्हीडी प्लेअर. डब्यासारखं झाकण, झाकणात पडदा, खाली तबकडी. बॅटरी तीन तास. माझ्या तक्त्यात त्याला सगळ्यात जास्त बरोबरच्या खुणा आल्या. एकच शंका होती. नांदेड-लातूर रस्त्याला खड्डे असे, की तबकडी उड्या मारणार. मी म्हणालो, "चालू करून हलवून दाखवा." त्यानं दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. पडद्यावरचा हत्ती नाचत राहिला. "बघा सर! भूकंप झाला तरी अडकत न्हाई," तो हसत म्हणाला.

मी हसलो नाही. त्याचा काही दोष नव्हता. नांदेडात आम्हाला त्र्याण्णवचा तो भूकंप हादरा म्हणून माहीत, भांडी पडली, लोक रस्त्यावर आले, एवढाच. पण माझी बायको तेव्हा औशाकडच्या एका गावात मावशीकडं गेली होती. गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपलेले. फळीवरची भांडी वाजली, ती हिला ऐकू आली आणि ही अंगणात पळाली. शेजारी झोपलेल्या मावसबहिणीनं गार वाऱ्यानं कानाला स्कार्फ गुंडाळला होता. तिला ऐकू आलं नाही. ती आत राहिली. हे बायकोनं मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, आणि पुन्हा कधी नाही. पण आमच्या घरात कुणी थंडीत कान बांधले की ती न बोलता येऊन सोडायची. लातूरच्या खोलीतही तिनं पेल्यावर पेला उपडा ठेवलेला होता, हललं तर वाजावं म्हणून. अभ्यासाला त्रास होतो म्हणून थोरला कानात कापूस घालायचा आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं.

म्हणून त्या यंत्रासोबत आलेले इयरफोन मी दुकानातच परत दिले. दुकानदार म्हणाला, "सर, त्याच्याबिगर गाडीत मजा न्हाई." मी म्हणालो, नको. घरी येऊन बायकोला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न तोच, "कानात घालायचं न्हाई ना काही?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग ठीक."

आता यापुढचं जे मी केलं ते फक्त आमच्याच भागातला माणूस करू शकतो. लातूरची सगळी करामत सरावात आहे असं आम्ही मानत होतो. धडा कळो न कळो, पेपर सोडवून घ्यायचे. घड्याळ लावून, परीक्षेला बसल्यासारखं बसवून, पुन्हा पुन्हा. हात आपोआप चालला पाहिजे. मी माझ्या वर्गात तेच करायचो आणि माझ्या लेकीबरोबरही तेच केलं. तिचा सराव घेतला.

रोज संध्याकाळी पलंग म्हणजे एसटी. मी कंडक्टर, मीच ड्रायव्हर, मीच स्टँडवरची मम्मी. आधी मी मम्मी होऊन खिडकीखाली उभा राहायचो आणि म्हणायचो, "ये हं बाळा, नीट जा." त्या वेळी तिनं झाकण उघडायचं आणि पडद्याकडं बघायचं. मान वर करायची नाही. मान वर केली की मी घंटी वाजवून गाडी थांबवायचो आणि पहिल्यापासून सुरू. पहिल्या दिवशी ती पलंगावरच रडली. माझ्यासारख्या मिशीवाल्या मम्मीसाठी रडली. मी हसलो, तिला जवळ घेतलं आणि समजावून सांगितलं, "हे बघ, चाकूर येईपर्यंत रडायचं नाही. फक्त इकडं बघायचं. जमेल ना?" माझा अंदाज असा की तासभर मन दुसरीकडं गेलं की लेकरू विसरून जातं. तिनं मान डोलावली. मग मी पलंग हलवत हलवत "चाकूर, चाकूरवाले!" असं ओरडलो की सराव संपायचा आणि तिला राजगिऱ्याचा लाडू मिळायचा.

आठ-दहा दिवसांत ती तयार झाली. मी किती काकुळतीला येऊन "ये हं बाळा" म्हणालो तरी तिची मान हलायची नाही. मला अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला.

तो रविवार मला अजून स्वच्छ दिसतो. थोरला टेस्ट देऊन आला, जेवला, झोपला. आम्ही स्टँडवर आलो. खिडकीची जागा मिळाली. मी तिच्या मांडीवर यंत्र ठेवलं, पिशवी वर टाकली, तिकिटाचे पैसे काढायला लागलो. बायको खाली खिडकीशी उभी होती, पदर दोन्ही हातांनी आवळून, आता मुठी सोडवायच्या आहेत अशा तयारीनं. म्हणाली, "ये हं सोन्या. नीट जा."

लेकीनं झाकण उघडलं आणि पडद्याकडं बघायला लागली.

"इकडं बघ की," बायको म्हणाली. मान वर नाही. "मम्मीला टाटा कर." नाही. बायकोनं गजांतून हात आत घातला आणि तिच्या कपाळावरचे केस मागं केले. लेकीनं डोकं बाजूला घेतलं नाही, पण आणखी खाली घातलं, नाक पडद्याला लागेल इतकं. बायको माझ्याकडं बघून हसली. "रमली की हो," म्हणाली. मग तिनं हात बाहेर काढून घेतला. तो हात तिनं कुठं ठेवावा तेच तिला कळेना, शेवटी तिनं तो गाडीच्या पत्र्यावर ठेवला, आणि गाडी हलली तेव्हा तो पत्रा तिच्या हाताखालून सरकत गेला.

स्टँडच्या बाहेर आल्यावर माझं लक्ष पडद्याकडं गेलं. हत्ती नव्हता, माकड नव्हतं, काहीच नव्हतं. निळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द होते, तबकडी नाही म्हणून. मी गडबडीत तबकडी घालायचीच विसरलो होतो. स्टँडवरच्या गोंधळात आवाज येतोय की नाही ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती एवढा वेळ त्या निळ्या पडद्याकडं बघत होती, आणि अजूनही बघत होती. मी पिशवीतून तबकडी काढून घातली. हत्ती नाचायला लागला. तिच्या चेहऱ्यात काडीचाही फरक पडला नाही.

पुढच्या बाकावरच्या बाई वळून म्हणाल्या, "किती शाणं लेकरू हाय." मी हो म्हणालो.

चाकूर आलं. कंडक्टरनं दोनदा ओरडून सांगितलं, चार माणसं उतरली, दोन चढली. गाडी सुटली. तेव्हा लेकीनं पहिल्यांदा मान वर केली.

"पप्पा, चाकूर आलं?"

"आलं."

"मग आता रडू?"

आयुष्यात हजारो पोरांच्या प्रश्नांना मी उत्तरं दिली, वात्रट प्रश्नांनासुद्धा. ती वाट बघत होती. तिचे ओठ थरथरत होते, पण तिनं ते दाबून धरले होते, परवानगी मिळेपर्यंत. मी कसंबसं म्हणालो, "रड."

तिनं झाकण नीट बंद केलं, यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं, आणि रडायला लागली. पूर्वी ती ओरडून रडायची. आता आवाज न करता रडत होती, त्या खोलीत कुजबुजायची तशी. माझा शर्ट भिजला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि एवढ्या भरलेल्या गाडीत आम्ही दोघं अगदी एकटे आहोत असं मला वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा. मी लेकीचं तोंड छातीशी धरलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रडली का?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो असतो तर सव्वा वर्ष भेट बंद. ही माझ्या शर्टात तोंड खुपसून बसली होती, ते मला दिसत होतं. पलीकडचा चेहरा दिसत नव्हता. मी म्हणालो, "नाही."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाही नाही. बघत बसलीय."

मग ती म्हणाली, "बरं झालं. ठेवते, कुकर लावायचाय." दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळी कुणी कुकर लावत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्यानंतर सव्वा वर्ष आमच्या फेऱ्या सुरळीत झाल्या. मी जिंकलो होतो. दर खेपेला लेक स्टँडवर झाकण उघडायची, चाकूर येईपर्यंत पडद्याकडं बघायची आणि चाकूर सुटलं की झाकण लावून रडायची. नंतर नंतर ती विचारायचीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडं बघायची आणि मी मान हलवायचो. कधी लोह्याला थांबायची, कधी घराचं कुलूप उघडेपर्यंत थांबायची नाही. आणि सुरुवातीला दर खेपेला फोन यायचा, "रडली का?" आणि मी नाही म्हणायचो. पुढं पुढं तो प्रश्न येईनासा झाला. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर बायकोनं स्टँडवर येणंही सोडलं. जिन्यातूनच म्हणायची, "जा तुम्ही. तिला कुठं लागते मी आता. यंत्र हाय की."

हे ऐकून मी दर वेळी ठरवायचो की आता सांगून टाकू. आणि दर वेळी बोर्डावरची यादी आठवायची, ती अट आठवायची, आणि मी गप्प. थोरल्याचे मार्क सुधारले. तो पुढं हव्या त्या कॉलेजला लागला. खोली सोडली, गॅस, पातेली, पेले टेम्पोत घालून आम्ही नांदेडला आणले. बायको घरी आली. लेक तेव्हा सहा वर्षांची झाली होती. पहिल्या दिवशी ती आईच्या कानाला लागून बोलली. मी म्हणालो, मोठ्यानं बोल, इथं कुणी अभ्यास करत नाही. ती मोठ्यानं बोलायला लागली, पण आईजवळ नाही, माझ्याजवळ. भूक लागली, गुडघा फुटला, शाळेत कुणी मारलं, सगळं मला येऊन सांगायची. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची.

मागच्या वर्षी लेक पुण्याला शिकायला गेली. स्टेशनवर बायकोच्या डोळ्यांना धार लागली होती. लेक मात्र हसत होती, हात हलवत होती. घरी आल्यावर मी चहा ठेवला. बायको खुर्चीत बसून, माझ्याशी बोलतेय की स्वतःशी ते कळू न देता म्हणाली, "हिचं काळीज पहिल्यापासूनच घट्ट. एवढीशी होती तेव्हा स्टँडवर मान वर करून बघायची न्हाई माझ्याकडं. मीच येडी. खोलीवर जाऊन उशीत तोंड घालून रडायचे, आणि तिला काहीच न्हाई."

मी चहा गाळायचा थांबलो. सांगितलं. पलंगावरचा सराव, लाडू, निळा पडदा, चाकूर, सगळं. बोलताना मी गाळणीकडंच बघत होतो. सांगून झाल्यावर तिच्याकडं बघितलं तर ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मला का सांगितलं न्हाई?"

"तूच म्हणाली होतीस, रडली तर आणू नका."

"म्हणाले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी त्याचे मार्क बघून म्हणाले होते. मी खरंच बंद केलं असतं असं वाटलं तुम्हाला? चार दिवसांत मीच गाडीत बसून आले असते."

तिनं रागात, रडत रडत बोललेलं वाक्य मी परीक्षेच्या नियमासारखं वहीत उतरवून घेतलं आणि त्यावर लेकराची तयारी करून घेतली. एकदा पुन्हा विचारायला पाहिजे होतं. नवरा-बायकोत एवढं तरी विचारता आलं पाहिजे.

चहा गार झाला. तिनं विचारलं, "लई रडायची का?"

"लई."

"दर खेपेला?"

"दर खेपेला. एकदाही चुकली नाही."

"काय म्हणायची रडताना?"

"मम्मी म्हणायची. दुसरं काही नाही."

ती रडेल असं मला वाटलं होतं. पण तिनं डोळे पुसले, खुर्ची ओढून माझ्याजवळ आणली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांगा. हळू सांगा." तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चाकूरपासून सुरुवात केली.